मुरणीचं फडताळ

९ मार्च, सकाळी

भिंगरी,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची मला साठ वर्षांची सवय. आज हात तिथेच अडला. आशीर्वाद माझ्यापाशी शिल्लक ठेवले आहेत, राग उतरला की पाठवीन. तोवर नुसतं टोपणनाव पुरे. स्वतःभोवती गरगर फिरून धपकन पडायचास म्हणून तुझ्या आईने ते ठेवलं होतं. चाळिशीला टेकलास, पण फिरणं काही थांबलं नाही. आता दुसऱ्यांना पाडतोस एवढंच.

काल दुपारी तुझ्या सांगण्यावरून मी फोनच्या काचेवर अंगठा टेकवला. तिकडून पडद्यावर तू ओरडलास, "बाबा, झालं!"

मी विचारलं, "काय झालं?"

"सगळं! घर साखळीवर गेलं. दहा हजार टोकन निघाली आणि नोंदवून ठेवलेल्या गिऱ्हाइकांना पोचलीसुद्धा. चार सेकंद, बाबा. चार!"

आणि तुझ्या पाठीमागे बसलेल्या तुझ्या कंपनीतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माझं घर गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाटक पडलं तरी आमच्या वेळी लोक निदान गुपचूप उठून जायचे.

अंगठा मी रागाने लावला. ते तुलाही ठाऊक आहे. आठ महिने तू माझ्या मागे लागला होतास, की खऱ्या इमारतींच्या मालकीचे तुकडे पाडून टोकन म्हणून विकणारी कंपनी काढली आहे, आणि पहिली इमारत आपलीच असली तर चारचौघांत सांगता येईल, मी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. मी म्हणत होतो, बघू. काल तुझा तोल गेला. म्हणालास, "बघू, बघू! आईच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायलाही दोन दिवस घेतलेत तुम्ही. तुमच्या त्या मुरवण्याने..." आणि गप्प झालास. मुरवण्याने काय? वाक्य अर्धं टाकून पळायला तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, "कुठे लावायचा अंगठा, सांग." आणि लावला.

पण मी तो कशाच्या भरवशावर लावला ते ऐक.

सदतीस वर्षं मी नोंदणी कचेरीत कारकुनी केली. साहेबांच्या खुर्चीमागे एक लाकडी फडताळ होतं, तीन खणांचं. आम्ही त्याला मुरणीचं फडताळ म्हणायचो. खरेदीखत असो, बक्षीसपत्र असो, सह्या झाल्या की कागद पहिल्या खणात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात, तिसऱ्या दिवशी तिसऱ्यात, आणि तिसऱ्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या आत वहीत नोंद. कायद्यात हे कुठेही नव्हतं. कायद्याने सही झाली की झालं. पण आमचे थोरले निबंधक म्हणायचे, "हात सही करतो तेव्हा मन अजून जिन्यात असतं. त्याला वर यायला वेळ द्या." त्या तीन दिवसांत कुणी परत आलं, तर कागद निमूट परत द्यायचा, कारण विचारायचं नाही. माझ्या कारकिर्दीत तेवीस माणसं परत आली. एक सुतार तर धापा टाकत आला. "साहेब, दुकान विकलं ते बायकोशी भांडून. भांडण मिटलंय." कागद फाडला, त्याने सगळ्या कचेरीला चहा पाजला.

मी काल अंगठा लावला तो परत येण्यासाठी. म्हटलं, हा तीन दिवस गप्प बसेल, माझंही डोकं थंड होईल, आणि तिसऱ्या दिवशी जाऊन काढून घेऊ. सारा जन्म तीन दिवसांवर विश्वास ठेवलेल्या माणसाला चार सेकंद सुचणार कुठून?

शाळेत वृत्तं शिकवताना आमचे गुरुजी डस्टरने टेबलावर ठेका धरायचे. ओळीच्या मधोमध डस्टर हवेतच थांबायचं. यती! आम्ही चाळीस पोरं श्वास रोखून त्या डस्टरकडे बघायचो. "इथे थांबला नाहीत," ते म्हणायचे, "तर ती कविता नव्हे, वाण्याची यादी." तुझ्या साखळीत यती नाही. वाण्याची यादी आहे ती.

तेव्हा ते मागे घे. दहा तारखेच्या संध्याकाळपर्यंत मला हक्क आहे.

पत्र टपालात टाकतो आहे. पण परदेशी टपाल वेळेत पोचणार नाही, म्हणून समोरचा औषधवाला त्याचा फोटो काढून तुला धाडणार आहे. तो ते वाचेल. खुशाल वाचू दे.

बाबा


१८ मार्च

भिंगरी,

तुझे सात बोलके निरोप औषधवाल्याच्या दुकानात उभं राहून ऐकले. खोकल्याचं औषध मागायला आलेल्या बाईंनीही ऐकले. जाताना त्या म्हणाल्या, "मुलगा हुशार आहे हो." मी म्हटलं, "तेच तर दुखणं आहे, त्याच्यावर आहे का काही औषध?"

मागे घेता येत नाही म्हणतोस. तेच म्हणे त्याचं वैशिष्ट्य. तीनदा समजावलंस, तेव्हा कळलं. एकच नोंदवही हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते, प्रत्येक पानाला मागच्या पानाची गाठ, आणि एकाने खोडायचं म्हटलं तर बाकीचे ते धुडकावून लावतात. नोंदणी कचेरीनेही आता तीच वही खरी मानली आहे, आमच्या वह्या तळघरात गेल्या. इथवर ठीक. पुढे म्हणालास, "कुणी कारकून मधे बसून पान फिरवू शकत नाही, बाबा. पूर्वी कारकुनांच्या हातात सगळं होतं."

कारकून! त्या कारकुनीवर तुझ्या पाटीपासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळं आलं. सदतीस वर्षांत मी एका पैशाची लाच घेतलेली नाही. पैशाची तर नाहीच नाही.

वरच्या दोन खोल्या मरेपर्यंत माझ्या, हे साखळीतच लिहिलं आहे म्हणालास. आभारी आहे. माझं मरणसुद्धा साखळीला चार सेकंदांत कळेल का?

परवा एकजण लाल ठिपक्याचं यंत्र घेऊन आला. भिंतीवर ठिपका मारायचा, आकडा टिपायचा. जिन्यावर ठिपका, माझ्या पलंगावर ठिपका, तुझ्या आईच्या फोटोवरही एक क्षण ठिपका. मी त्याला हाकललं. तर तो नम्रपणे म्हणाला, "आजोबा, मालकांना माहिती द्यावी लागते." मालकांना!

आणि ऐक, मालक कोण. काल औषधवाला डोकं खाजवत म्हणाला, "काका, रागावू नका. मीही पाच घेतले."

"काय पाच?"

"तुकडे. तुमच्या घराचे. म्हटलं ओळखीचं घर आहे, पावसात गळत नाही हे डोळ्यांनी पाहिलंय."

"कुठले पाच?"

"असे कुठले नसतात काका. सगळ्यातले थोडे थोडे."

"म्हणजे माझ्या न्हाणीघरातसुद्धा तू आहेस?"

"दोन हजारावा भाग, काका. तेवढा वेळ डोळे मिटून घेईन."

हसलो मी. घरी येऊन दार लावलं आणि मग इतका संतापलो की कप फोडला. हँडल नसलेला होता, तरी फोडलाच.

एकच सांगतो. वरचं काय ते करा, मी जिन्यात झोपेन. खालच्या कारखान्याला हात लावायचा नाही. का, ते विचारू नकोस.

बाबा


५ एप्रिल

भिंगरी,

कारखान्याच्या दारावर आज कागद चिकटवून गेले. मालकांनी मतदान केलं म्हणे. एका दिवसात. शंभरातल्या एक्काहत्तर मतांनी ठरलं, की खाली तासाभरात घरपोच जाणाऱ्या पुडक्यांचं कोठार करायचं. तीस तारखेच्या आत आतलं "भंगार" हलवलं जाईल. ज्यांनी हात वर केला त्यांतल्या किती जणांनी तो दरवाजा पाहिला आहे? काहींच्या गावी तर तेव्हा पहाट असेल. दात घासता घासता माझ्या वडिलांचा कारखाना भंगारात काढला त्यांनी.

तुला फोन केला तर म्हणालास, "बाबा, चाळीस वर्षं तुम्ही त्या दारातून आत गेला नाहीत. दोनदा भाड्याने दिलात तो, तेही किल्ली दुसऱ्याच्या हाती पाठवून. आता एकदम कसला जिव्हाळा? ते जुनं लोखंड आहे."

जुनं लोखंड नव्हे ते. शिकंजा आहे. माझ्या वडिलांचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता हे तुला माहीत आहे, एवढंच माहीत आहे. पुस्तक शिवून, पुठ्ठे चढवून झालं, की ते शिकंज्यात घालायचं, वरचं चाक फिरवून आवळायचं, आणि खळ पुरती वाळेपर्यंत हात लावायचा नाही. घाईने काढलं तर पुठ्ठा पापडासारखा वाकतो आणि मग जन्मभर मिटत नाही. त्या कारखान्यात जुजबंदीचा, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने शिवण्याचा, सगळ्यात सफाईदार हात वडिलांचा नव्हता. आक्काचा होता.

तुझी आत्या. दूर असते, बोलणं नाही, एवढंच तुला सांगितलेलं. दूर नसते. बसने चाळीस मिनिटं.

मी म्हटलं होतं का ते विचारू नकोस. तरी सांगतो, कारण आता लपवून फायदा नाही. माझ्या टेबलाच्या खणात एक बक्षीसपत्र आहे. खालचा कारखाना आक्काच्या नावे. अक्षर माझं, मसुदा माझा, एकही खोड नाही. तुझी आई गेली त्या वर्षी लिहिलं. सही तेवढी राहिली होती. म्हटलं जरा मुरू दे. एकोणीस वर्षं मुरतं आहे.

आणि तू चार सेकंदांत त्याच्या खालची जमीनच काढून घेतलीस.

नालायका.

बाबा


१४ एप्रिल

भिंगरी,

शिवी दिली ती परत घेत नाही. पण तिचा अर्धा वाटा माझा आहे, तो आज उचलतो. औषधवाल्याला सांगितलं आहे, फोटो काढ पण वाचू नकोस. त्याने मान हलवली. वाचेलच.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा घर आम्हा दोघांच्या नावे आलं. आक्का खाली कारखाना चालवायची, मी कचेरीत. आमच्या कचेरीच्या नोंदवह्यासुद्धा तीच बांधायची. त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. तुझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, एकच अट घातली, घर मुलाच्या एकट्याच्या नावावर असेल तर पुढचं बोलू. मी आक्काला म्हटलं, "नुसती सही कर हक्कसोडपत्रावर. कारखाना तुझाच. आणि मनात आलं तर तीन दिवस आहेतच की, फडताळ आमच्याच कचेरीत आहे."

तिने सही केली. सोमवार होता. तो कागद मी पहिल्या खणात ठेवला. मग दुपारी साहेब जेवायला गेले, तेव्हा तो काढला आणि वहीत नोंदवला. तिनेच शिवलेल्या वहीत.

सदतीस वर्षांत एकच कागद मी मुरू दिला नाही. मला लग्नाची घाई होती. तू त्या घाईतून जन्मलास, म्हणून फिरतोस की काय कोण जाणे.

बुधवारी आक्का कचेरीत आली. गज लावलेल्या खिडकीपलीकडे उभी राहिली. "काढून दे तो कागद."

"झाली नोंद, आक्का."

"आज तिसरा दिवस आहे."

"झाली, सोमवारीच." आणि मी पुढचा माणूस बोलावला.

तुझ्या आईला हे कधी कळलं नाही. मी कळू दिलं नाही.

परवा, बारा तारखेला, बक्षीसपत्र खिशात घालून मी आक्काकडे गेलो. ती एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत राहते, तळमजल्यावर, त्यांची फाटकी पुस्तकं बांधते. एकोणऐंशी वर्षं. दार तिनेच उघडलं.

"कविराज! जिवंत आहेस?"

"आहे."

"मग चपला बाहेर काढ. आत खळ सांडलीय."

एक्केचाळीस वर्षांनंतर हे पहिलं बोलणं.

मी कागद पुढे केला. तिने उभ्याउभ्याच वाचला. "अक्षर अजून छान आहे तुझं. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची?"

"हो."

"मुरला का?"

तिने कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.

"आता घर कुणाचं आहे?"

मी सांगितलं. दहा हजार तुकडे, सहाशेबारा मालक, त्यातले पाच तुकडे औषधवाल्याचे. ती हसता हसता खोकायला लागली, मीच पाणी दिलं. "म्हणजे तू मला परक्याचं घर बक्षीस द्यायला आलास! वा रे दानशूर. पहिल्या खेपेला माझं होतं ते घेऊन गेलास, आता नाही ते देतोस."

"आक्का, शिकंजा भंगारात जाणार आहे. तीस तारखेला."

ती हसायची थांबली. शिवायची सुई टेबलावर ठेवली. "तू कारकून ना? दस्तात काय लिहिलंय ते सांग. शब्द न् शब्द."

मला पाठ होतं. "'सदर जमीन, तीवरील इमारत व इमारतीस कायम जोडलेले सर्व.' शिकंजा फरशीत बोल्टांनी जोडलेला आहे, आक्का. वडिलांनीच जोडला. तो घरात धरला जातो. मी स्वतः असे किती दस्त..."

"जोडलेला होता," आक्का म्हणाली.

तिने फळीवरून पत्र्याचा एक डबा काढला. आत बांधणीच्या कापडात गुंडाळलेले चार बोल्ट. वीतभर लांब, तेल लावून ठेवलेले, गंज म्हणून नाही.

त्या बुधवारी ती कचेरीतून सरळ कारखान्यात गेली होती. शिकंजा न्यायचा म्हणून पाना घेऊन बसली, संध्याकाळपर्यंत चारही बोल्ट काढले. पण तेवढं धूड एकट्या बाईला हलतं थोडंच? मग बोल्ट पिशवीत घातले, किल्ली आतल्या खिळ्याला अडकवली, दार ओढून घेतलं. नंतरच्या भाडेकरूंनी त्याच्याभोवती खोकी रचली. कुणी खाली वाकून पाहिलं नाही. मी तर उंबराच ओलांडला नाही.

"मी म्हटलं," आक्का म्हणाली, "नेता नाही आला तर नाही. पण निदान तो त्या घराचा म्हणून राहायला नको."

काल मी खाली गेलो. गुडघ्यांवर बसलो. फरशीत चार भोकं, चारही धुळीने भरलेली. एक्केचाळीस वर्षं शिकंजा नुसत्या आपल्या वजनावर उभा आहे.

तेव्हा, हुशार मुला, आता माझं ऐक. मी सदतीस वर्षं दस्त वाचले आहेत. जे जोडलेलं नाही ते घरात धरत नाहीत. तुझ्या त्या न पुसता येणाऱ्या वहीत बघ, शिकंज्याचं नाव कुठे आहे का. नसेल, तर तो तुझ्या सहाशेबारा मालकांचा नाही, माझा नाही आणि तुझ्या टाळ्यांचाही नाही. तो आक्काचा आहे. तुमच्याकडे सगळं चार सेकंदांत होतं म्हणे. कळव.

निघताना दारात तिने एकदम विचारलं, "पळाला पळाला पहा कोण घोडा. पुढे?"

आम्ही शाळेत असताना जोडीने कविता करायचो. पहिली ओळ एकाची, दुसरी दुसऱ्याची, वृत्त मोडेल त्याने पाणी भरायचं. भुजंगप्रयात हे मला कळलं, मनात ठेकाही धरला, पण दुसरी ओळ काही केल्या आठवेना.

"मनाला कळाया हवा वेळ थोडा," ती म्हणाली. "ही ओळ तुझी होती, कविराज."

मी तिथेच म्हटलं, "आक्का, मला माफ कर."

ती म्हणाली, "तीन दिवसांनी सांगते." आणि दार लावून घेतलं.

बाबा


३ मे

भिंगरी,

या पत्राचा फोटो काढलेला नाही. औषधवाला नाराज आहे. पाकिटाचं वजन का जास्त आहे ते पुढे कळेल.

तुझं उत्तर आलं, "न्या." एवढा एकच शब्द. पण यायला दोन दिवस लागले. मी मोजले. त्या दोन दिवसांत तू काय करत होतास? कुणाला विचारत होतास, की नुसता फोन हातात धरून बसला होतास? मला ठाऊक आहे ते बसणं कसं असतं.

शिकंजा सोळा एप्रिलला आक्काच्या खोलीत हलवला. चार हमाल, दोन दोर. लाल ठिपकेवालाही आला होता, त्याने वाकून भोकं पाहिली आणि यंत्र खिशात घातलं. "आजोबा, हे आमच्या यादीत नाहीच," म्हणाला आणि एका बाजूने हात लावला. बरा आहे तो, त्याला हाकललं त्याचं वाईट वाटलं. आता कारखान्यात पुडकी येतात. पहाटेपासून खाली मोटारी थांबतात, निघतात. मी वर खिडकीत बसून शिव्या देतो. एकेकाला वृत्तात बसवून देतो.

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. तुझी वही खोटं बोलत नाही, मान्य. आमची बोलली, कारण तिच्यापुढे मी बसलो होतो. पण तुझ्या वहीपुढे कुणीच बसलेलं नाही. पाय घसरलेला माणूस धापा टाकत परत आला, तर तो खिडकीच्या गजांशी कुणाला हाक मारणार? तिथे एक माणूस बसव. कारकून बसव. माझ्यापेक्षा बरा बघ.

रोज दुपारी मी आक्काकडे जातो. तिने मला कागद घडी घालायला बसवलं आहे. घडी वाकडी गेली की म्हणते, "सदतीस वर्षं काय केलंस रे?" माफीचं तिने अजून काही सांगितलेलं नाही. तीन दिवस म्हणाली होती, आज एकविसावा. मी विचारत नाही.

तू त्या दिवशी अर्धं टाकलेलं वाक्य मी पुरं करतो. मुरवण्याने आई गेली, असंच म्हणायचं होतं ना? दोन दिवस मी कागद घेऊन त्या दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. सही करायची भीती वाटत होती, आणि भीतीला मी विचार करणं म्हणत होतो. नंतर डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांनी काही फरक पडला नसता. एक डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याला मी विचारलं नाही. तू विचारलं असशील, मला वाटतं विचारलं आहेस, आणि तेव्हापासून धावतो आहेस. काय म्हणाले ते, हे मला ऐकायचं आहे. फोनवरून नको. समोर बसून सांग. मी उठून जाणार नाही.

आक्काने शिकंजा फरशीत बसवला. भोकं चार पाडून घेतली, बोल्ट मात्र तीनच आवळले. चौथा कापडात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. "हा त्या भिंगरीला पाठव. म्हणावं, आत्याने दिलाय. परत करायचा तर हातात घेऊन ये, टपालाने घेणार नाही."

तो या पाकिटात आहे. टपालकचेरीतल्या बाईंनी पाकीट दोनदा हलवून पाहिलं, पोचायला तीन आठवडे लागतील म्हणाल्या. लागू देत.

तीन बोल्टांवर शिकंजा जरा डुगडुगतो. आक्काने वाचनालयाचे जाडजूड कोश बाजूला रचून ठेवले आहेत. ते आत्ता आवळायचे नाहीत म्हणते. तोवर आम्ही बारीक पुस्तकंच दाबतो.

बाबा